नेदरलँड्स ते गार्डा सरोवर : आपली वस्तीची गाडी कुठे थांबवावी?

मोगरा | रविवार, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी.

आम्ही आईंडहोवनला राहतो. सासू-सासरे साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आलेत आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांनी मिळून इटलीत गार्डा सरोवराला जायचं ठरलंय. विमानाने जायचं तर सहा जणांची तिकिटं, तिथे पुन्हा मोठी गाडी भाड्याने घ्यायची, शिवाय विमानतळावरची पायपीट सासूबाईंना झेपत नाही. म्हणून आमच्याच सात आसनी गाडीने जाणार आहोत. पेस्किएराजवळ घर घेतलंय. शनिवारी दुपारी चारला ताब्यात मिळेल, पुढच्या शनिवारी सकाळी दहाला सोडायचं.

अंतर हजार-अकराशे किलोमीटर. नकाशा अकरा तास दाखवतो, मी थांबे धरून पंधरा धरतेय. चालवणारे दोघे, मी आणि नवरा. सासरे ७२ वर्षांचे, सासूबाई ६८, त्यांचे गुडघे दुखतात. मुलं ९ आणि ५. धाकटीला गाडी लागते.

नवऱ्याचं म्हणणं, शुक्रवारी ऑफिस आटपून रात्री आठला निघू, मुलं झोपतील, रस्ता मोकळा मिळेल, सकाळी इटलीत. मला हे पटत नाही. मध्ये एक रात्र सगळ्यांची पाठ नीट टेकली पाहिजे. पण कुठे? जर्मनीतून ए६१ आणि ए५ हे हमरस्ते धरावेत, की लक्झेंबर्ग, मेट्झ, स्ट्रासबुर्ग करत जावं? की स्वित्झर्लंड टाळून ऑस्ट्रियातून ब्रेनरच्या खिंडीमार्गे? गाव असं हवं की संध्याकाळी दोन तास रमतगमत फिरता येईल, आणि हॉटेलात जिने चढावे लागणार नाहीत.

ज्यांनी हा रस्ता केलाय त्यांनी मोकळेपणाने लिहा.

---

जुना_सारथी | रविवार, रात्री १०.१५

रात्रीचा बेत आधी रद्द करा, बाकीचं मग बोलू. दिवसभर काम केलेला माणूस पहाटे तीनला पेंगतो आणि आपण पेंगलो हे त्याला कळतही नाही. ताशी १३० च्या वेगाला डोळा दोन सेकंद मिटला तर गाडी सत्तर मीटर पुढे गेलेली असते. गाडीत सहा जीव आहेत.

शिवाय घर चारला मिळणार. सकाळी आठला पोचून आई-बाबांना आठ तास कुठे बसवणार?

---

निशाचर | रविवार, रात्री १०.४०

सारथीकाका, तुमचा मुद्दा मान्य, पण सगळ्यांना एकच नियम लावू नका. आम्ही उत्रेख्तहून पाच वेळा रात्रीचे गेलोय. मुलं स्वित्झर्लंडच्या सीमेवरचं बाझेल येईपर्यंत उठत नाहीत, आणि पुढे आल्प्समधल्या गॉटहार्ड बोगद्याच्या तोंडाशी पहाटे तीनला रांगच नसते. दिवसा तिथेच दीड-दोन तास जातात. आम्ही दोघे दर दोन तासांनी आलटून पालटून चालवतो, त्या शुक्रवारी सुट्टी घेऊन दुपारी चार तास झोपतो. अट एवढीच की दुपारची झोप झालीच पाहिजे.

एक लक्षात ठेवा, देखभालीसाठी गॉटहार्डचा बोगदा वर्षातल्या काही आठवड्यांत रात्रीचा बंद असतो. निघण्याआधी तारखा पाहाव्याच लागतात.

---

मोगरा | रविवार, रात्री १०.५५

@निशाचर, नवऱ्याला त्या शुक्रवारी सुट्टी नाही, खरी अडचण तीच. आणि दोन्ही मुलं सीटवर झोपतील, पण सासूबाईंचे पाय रात्रभर खाली लोंबकळले तर सकाळी सुजतील. त्यांची मला जास्त काळजी आहे.

---

बाझेलवासी | रविवार, रात्री ११.३०

मी बाझेलला बारा वर्षं आहे. हा रस्ता आमच्या दारावरून जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचा सगळा प्रवास गॉटहार्डभोवती आखा. बाकीचे नऊशे-हजार किलोमीटर पुढेमागे होतात, पण त्या एका जागी सगळं अडतं. बोगदा १९८० साली सुरू झाला. लांबी १६.९ किलोमीटर, आणि आजही नळी एकच. जाणारे-येणारे समोरासमोर, मध्ये भिंत नाही, वेग ८०. दुसऱ्या नळीचं काम चालू आहे. २००१ च्या ऑक्टोबरात आत दोन ट्रकांची धडक होऊन आग लागली, ११ जण गेले. तेव्हापासून ट्रक मोजून, अंतर ठेवून आत सोडतात. उत्तरेकडून येताना चार पदरी रस्ता गोशेनेन गावापाशी एका पदरावर येतो, म्हणून रांग लागते. इथे सगळे ठोकताळा धरतात तो असा, रांगेचा एक किलोमीटर म्हणजे दहा मिनिटं. फलकावर ‘१० किमी’ दिसलं की शंभर मिनिटं गेली असं समजायचं.

जुलैमधला शनिवार हा सगळ्यांत वाईट दिवस. सगळी भाड्याची घरं शनिवारी रिकामी होतात आणि शनिवारीच भरतात. अर्धा उत्तर युरोप त्या दिवशी दक्षिणेला निघालेला असतो. डच लोक त्याला ‘काळा शनिवार’ म्हणतात ते उगीच नाही.

पर्याय आहेत. एक, जुन्या घाटाने वरून जायचं. खिंड २,१०६ मीटरवर आहे, उन्हाळ्यात उघडी असते, रस्ता फार सुंदर. पण वळणं आहेत, तुमची धाकटी लक्षात घ्या. आणि बोगद्याची रांग वाढली की घाटावरही गर्दी होते. दुसरा, कूरवरून ए१३ ने सान बर्नार्डिनो. बोगदा साडेसहा किलोमीटरचा, रांग कमी, पण तुम्हाला वळसा पडेल आणि तिथेही वळणं आहेतच. तिसरा, कांडरश्टेगला गाडी आगगाडीवर चढवायची, पंधरा मिनिटांत लोट्शबर्गच्या पलीकडे, मग सिम्प्लॉनची खिंड उतरून इटली. मुलांना हे फार आवडतं. पण गार्डासाठी तो रस्ता फार पश्चिमेला जातो.

स्विस हमरस्त्यांसाठी विन्येट, म्हणजे टोल भरल्याचं स्टिकर, लागतं. ४० फ्रँक, वर्षाचं एकच, आठवड्याचं मिळत नाही. हल्ली गाडीच्या नंबरवर ऑनलाइन घेता येतं, काचेला चिकटवायची गरज नाही. मात्र सरकारी संकेतस्थळावरूनच घ्या. शोधताना वर येणारी काही मध्यस्थ मंडळी जास्तीचे पैसे लावतात. विन्येट नसेल तर दंड २०० फ्रँक, वर विन्येट घ्यावं लागतं ते वेगळंच.

---

ओली_पायवाट | सोमवार, सकाळी ८.०५

वाचतेय. आम्हालाही ऑगस्टमध्ये जायचंय. बाझेलवासींचा प्रतिसाद साठवून ठेवला.

---

घाटमाथा | सोमवार, सकाळी ९.२०

ब्रेनरबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. गार्डाला जायचं तर तोच नैसर्गिक रस्ता. उल्म, फर्नपास, इन्सब्रुक, ब्रेनर, मग आडिजे नदीच्या खोऱ्यातून सरळ खाली. पेस्किएरा त्याच रस्त्यावर आहे, मिलानची कटकट नाही. ब्रेनरची खिंड १,३७० मीटरची, आल्प्समधल्या मोठ्या खिंडींत सगळ्यांत कमी उंच, बोगद्याची भीती नाही. ऑस्ट्रियाचं विन्येट आता एका दिवसाचंही मिळतं. ब्रेनरच्या टप्प्याला मात्र ते चालत नाही, तिथला टोल निराळा भरावा लागतो. मुक्काम उल्मला करा, तिथल्या मोठ्या चर्चचा मनोरा १६१ मीटरचा आहे.

---

बाझेलवासी | सोमवार, सकाळी ९.५०

@घाटमाथा, एरवी मी तुमच्याशी सहमत झालो असतो. पण ब्रेनरच्या लुएग पुलाची मोठी दुरुस्ती २०२५ च्या जानेवारीपासून चालू आहे, बऱ्याच दिवशी एका बाजूला एकच पदर असतो. शिवाय उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी टिरोलमध्ये हमरस्ता सोडून गावातून वळायला बंदी असते. अडकलात तर अडकलात. वृद्ध माणसं बरोबर असताना मी तिथे जाणार नाही.

---

घाटमाथा | सोमवार, सकाळी १०.१०

पुलाचं माहीत होतं, पण गॉटहार्डची रांग काय कमी आहे? असो. तारखेचं वेळापत्रक बघून ठरवावं. पूल काही ठरावीक गर्दीच्या दिवशी दोन पदरी ठेवतात.

---

दशमी | सोमवार, दुपारी १.३०

रस्त्यांचं जाणकार सांगतीलच, मी डब्याचं सांगते. सासूबाई साताऱ्याच्या आहेत म्हणजे त्यांना दशम्या येत असणारच. दुधात भिजवलेल्या दशम्या दोन दिवस मऊ राहतात. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि लिंबाचं गोड लोणचं. तिखटमिठाच्या पुऱ्या पहिल्या दिवसासाठी. मुलांना भडंग. थर्मासमध्ये गरम पाणी ठेवलं की चहाची सोय होते आणि मेतकुटाबरोबर खायला पोहे भिजवता येतात. धाकटीला निघण्याआधी दूध अजिबात देऊ नका. आवळासुपारी किंवा आलेपाक हाताशी ठेवा, आणि तिला मधल्या रांगेत बसवा, पुढची काच दिसेल अशी. सगळ्यांत मागच्या रांगेत गाडी हमखास लागते.

जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, हमरस्त्यावरचीच उघडी. दूध-फळं शनिवारीच घेऊन ठेवायची. आणि सुट्टी नाणी जवळ ठेवा. बऱ्याच थांब्यांवर स्वच्छतागृहाला एक युरो लागतो, त्याची पावती दुकानात वटवता येते.

---

ऱ्हाईनकाठी | सोमवार, दुपारी ४.४५

मी मानहाइमला राहते. जर्मनीच्या रस्त्याने आलात तर श्पायर चुकवू नका, ए६१ च्या अगदी काठावर आहे. तिथल्या तंत्रज्ञान संग्रहालयात अख्खं बोइंग ७४७ उंच खांबांवर चढवून ठेवलंय. जिन्याने आत जाता येतं, पंखावर चालता येतं आणि खाली यायला घसरगुंडी आहे. रशियाचं बुरान अवकाशयानही तिथेच. आजींना जिने नकोत, तर त्यांना घेऊन कॅथेड्रलपाशी जा. हजार वर्षांपूर्वीचं बांधकाम, तांबूस दगड, आत कमालीचं गार. १९८१ पासून जागतिक वारसा यादीत आहे. समोर झाडांखाली बाकं आहेत. मुक्कामालाही गाव छान, शांत आणि सपाट.

---

पाऊलवाट | सोमवार, संध्याकाळी ६.१०

श्पायर सुंदर आहे, पण मुक्कामाला फार अलीकडे पडतं. आईंडहोवनपासून पावणेचारशे किलोमीटर, म्हणजे दुसऱ्या दिवशी सातशे उरतात आणि गॉटहार्ड भर दुपारी येतो. जेवणाला श्पायर, मुक्कामाला फ्रान्समधलं कोल्मार, असं करून बघा. फ्रायबुर्गच्या बाजूला उतरून ब्राइसाखला ऱ्हाईन ओलांडली की अर्ध्या तासात कोल्मार. बाझेल तिथून ७० किलोमीटर. स्वित्झर्लंडच्या निम्म्या पैशात नीट खोल्या मिळतात.

गाव म्हणजे लाकडी चौकटींची रंगीत घरं, मधून लहानसा कालवा. न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा घडवणारा बार्तोल्दी इथलाच. जुन्या भागात फरसबंदी आहे, सासूबाईंना चांगले बूट घालायला सांगा. आणि मान वर करून छपरं बघत चाला. अल्सासमध्ये, म्हणजे कोल्मारच्या या भागात, करकोच्यांची घरटी छपरांवर असतात, एकेक घरटं बैलगाडीच्या चाकाएवढं.

लक्झेंबर्गचा रस्ता मी दोनदा केलाय. पेट्रोल स्वस्त, आर्देनमधला चढ-उतार देखणा. पण मेट्झ ते स्ट्रासबुर्ग टोल आहे, अंतर जवळपास तेवढंच. तुमच्या बाबतीत मी जर्मनीच निवडेन, तिथे मोटारींना टोल नाही.

---

फ्रायबुर्गची_चिमणी | सोमवार, संध्याकाळी ६.४०

मग फ्रायबुर्गलाच थांबा की! नदी ओलांडायचीही गरज नाही. गल्लीगल्लीतून पाण्याचे छोटे पाट वाहतात, मुलं तासन्‌तास होड्या सोडतात. चुकून पाय पडला तर इथल्याच कोणाशी लग्न होतं म्हणतात. माझा पाय पडला होता, नवरा इथलाच मिळाला, आणि सोळा वर्षं झाली, छान चाललंय.

एक सूचना. जर्मनीतल्या काही शहरांत शिरायला काचेवर हिरवा पर्यावरण-स्टिकर लागतो, परदेशी गाड्यांनाही. घरपोच यायला वेळ लागतो, आधी मागवा.

---

विजेरी | सोमवार, रात्री ८.००

आमची विजेवरची गाडी आहे, तिच्यामुळे मुक्कामाचा प्रश्न आपोआप सुटतो. ज्या हॉटेलात रात्रभर चार्जिंग होतं तिथे थांबायचं, सकाळी पूर्ण भरलेली गाडी घेऊन डोंगर चढायचा. गॉटहार्ड उतरताना थोडी वीज परत मिळते. दर अडीच तासांनी पंचवीस मिनिटं थांबावंच लागतं, म्हणून आमची म्हातारी मंडळीही खूश असतात.

---

निशाचर | सोमवार, रात्री ८.२०

थांबायची सक्ती असेल तर मीही दिवसाच जाईन. पण मोगराताईंची गाडी पेट्रोलची आहे बहुतेक.

---

मोगरा | सोमवार, रात्री ९.१५

हो, पेट्रोलची. सगळ्यांचे किती आभार मानू. संध्याकाळी जेवताना हा धागा मी घरात मोठ्याने वाचून दाखवला.

आता एक गोष्ट लिहायलाच हवी. माझे सासरे एसटीत चालक होते, ३१ वर्षं. सातारा-मुंबई रात्रीची गाडी त्यांनी कित्येक वर्षं चालवली, खंबाटकीचा जुना घाट त्यांना डोळे मिटून पाठ आहे. मला वाटलं होतं ते मुलाची बाजू घेतील. त्यांनी सगळं ऐकलं आणि नवऱ्याला एवढंच म्हणाले, “आरं, मी रातची गाडी न्यायचो तवा दिसभर झोपल्यालो असायचो. डेपोत पलंग होता. तू दिसभर कचेरीत डोकं चालवणार आन्‌ रातीला गाडी हाकणार, ही काय रातपाळी न्हाय, ही डबल ड्युटी. डबल ड्युटीला आमी पण नाय म्हनायचो.” नवरा काही बोलला नाही. सासऱ्यांनी मग विचारलं, वस्तीची गाडी कुठल्या गावाला लावताय?

म्हणून शीर्षक बदललं.

आता अडचण एकच. शनिवारी घर मिळतं आणि शनिवारीच गॉटहार्ड सगळ्यांत वाईट. शुक्रवारी दुपारी निघून कोल्मार गाठायचं म्हटलं तर नवऱ्याला दुपारी दोनच्या आधी निघता येत नाही, रात्रीचे दहा वाजतील.

---

जुना_सारथी | सोमवार, रात्री ९.४०

तुमच्या सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. बत्तीस वर्षं ट्रक चालवला मी, पण ‘डबल ड्युटी’ हा शब्द मला सुचला नाही. तोच बरोबर शब्द आहे.

---

कृष्णाकाठ | मंगळवार, सकाळी ७.३०

साताऱ्याचे पाहुणे आहेत म्हटल्यावर राहवलं नाही. माझा प्रस्ताव वेगळा आहे, जरा विचार करा. शनिवारची रात्र घराच्या भाड्यात गेली असं समजा. घर शनिवारपासून तुमचंच आहे, रविवारी पोचलात तर मालकाला एक निरोप पुरतो. शनिवारी पहाटे निघा, दुपार श्पायरला, रात्र कोल्मारला, आणि रविवारी अगदी पहाटे गॉटहार्ड. रविवारी स्वित्झर्लंडमध्ये मालवाहू ट्रकांना बंदी असते, जर्मनीतही दिवसभर असते, आणि जुलै-ऑगस्टमधल्या शनिवारी दिवसा जर्मनीतल्या मुख्य हमरस्त्यांवरही ट्रक नसतात. म्हणजे दोन्ही दिवस ट्रक कमी.

एका रात्रीचं भाडं वाया जाईल. पण आई-बाबा आयुष्यात पहिल्यांदा हा रस्ता बघताहेत. रस्ताही त्यांच्या सहलीतच धरा ना.

---

निशाचर | मंगळवार, सकाळी ८.४५

गर्दीच्या आठवड्यात एका रात्रीचं भाडं म्हणजे दीडशे-दोनशे युरो, वर कोल्मारच्या तीन खोल्या. साडेचारशेच्या घरात जातं. मला हे महाग वाटतं. पण ट्रकांचा मुद्दा बिनतोड आहे, आणि सकाळी सातच्या आसपास बोगद्यापाशी पोचलात तर रांग नक्की लहान असेल.

---

बाझेलवासी | मंगळवार, सकाळी ९.३०

कृष्णाकाठ यांना +१. कोल्मारहून पहाटे पाचला निघा, साडेसातला गोशेनेन. नऊनंतर रांग वाढत जाते.

---

लाल_पाटी | मंगळवार, सकाळी ११.१५

इटलीत शिरल्यावरचं मी सांगतो, कारण मी भरलेत पैसे. जुन्या शहरांच्या मधल्या भागात लाल वर्तुळाची पाटी असते, त्याखाली वेळा. तिथे बाहेरच्या गाड्यांना बंदी. अडवायला कोणी नसतं, कॅमेरा नंबर टिपतो. मला एका शहरात हॉटेल शोधताना तीनदा तीच पाटी ओलांडल्याबद्दल तीन वेगळे दंड घरी आले, सात महिन्यांनी. सरोवराकाठच्या गावांतही अशा पाट्या आहेत. गाडी बाहेरच्या वाहनतळावर लावून चालत जा.

टोलनाक्यावर पिवळ्या पट्टीच्या रांगेत शिरू नका, ती यंत्र बसवलेल्या गाड्यांसाठी असते. आत शिरताना तिकीट घ्या, जपून ठेवा, बाहेर पडताना पैसे द्या. पावसात वेगमर्यादा १३० ची ११० होते.

---

ठाण्याची_खाडी | मंगळवार, दुपारी २.००

थोडं अवांतर. आम्ही डिसेंबरात ठाण्याहून येणार आहोत, गाडी भाड्याने घेऊन म्युनिक ते व्हेनिस. भारतातलं लायसन्स चालतं का?

---

लाल_पाटी | मंगळवार, दुपारी २.२५

आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या, वर्षभर चालतो, मूळ लायसन्स सोबत हवंच. गाडी घेताना कुठल्या देशांत नेणार ते आधी लिहून द्या, काही गाड्या सीमेपार न्यायला परवानगी नसते. डिसेंबरात हिवाळी टायर आहेत का, हे नक्की विचारा. वेगळा धागा काढलात तर सविस्तर लिहितो.

---

ऱ्हाईनकाठी | मंगळवार, दुपारी ३.१०

एक फार महत्त्वाचं राहिलं. जर्मनीत रस्ता तुंबला की गाड्या थांबायच्या आधीच रुग्णवाहिकेसाठी मधली वाट सोडायची असते. सगळ्यांत डावीकडच्या रांगेने डावीकडे सरकायचं, बाकी सगळ्यांनी उजवीकडे. सायरन ऐकू येण्याची वाट बघायची नाही. स्वित्झर्लंड-ऑस्ट्रियातही तसंच. आणि जर्मनीत १२ वर्षांखालची मुलं दीड मीटरपेक्षा बुटकी असतील तर त्यांना खास आसन लागतं. नेदरलँड्सचा नियम १३५ सेंटिमीटरचा आहे, म्हणून थोरल्याचंही आसन बरोबर घ्या.

आई-बाबांचे पासपोर्ट बॅगेत तळाशी ठेवू नका. २०२४ च्या सप्टेंबरपासून जर्मनीच्या सगळ्या भूसीमांवर तपासणी होऊ शकते.

---

मोगरा | मंगळवार, रात्री १०.००

ठरलं. कृष्णाकाठ यांचा आराखडा, पाऊलवाट यांचं गाव, बाझेलवासींची वेळ. नवऱ्याने स्वतः कोल्मारची खोली शोधली, तळमजल्यावरची. विन्येट घेतलं. आल्यावर लिहीनच.

---

ओली_पायवाट | २६ दिवसांनी, सकाळी ८.१५

मोगरा, कसा झाला प्रवास? आमचं निघणं शनिवारवर आलंय, वाट बघतेय.

---

मोगरा | त्याच दिवशी, रात्री ११.०५

उशीर झाला, माफ करा. आई-बाबांना परवा विमानात बसवून आलो, घर सुनं सुनं झालंय. आज निवांत लिहिते.

शनिवारी सकाळी सहाला निघालो. सासरे पुढे बसले, मांडीवर थोरल्याची शाळेची वही आणि पेन. म्हणाले, “कंडक्टर मी.” दर थांब्याची वेळ त्यांनी लिहिली. दोन तास झाले की “थांबा घ्या” म्हणायचे, आणि आम्ही कितीही जोरात असलो तरी थांबा घ्यायचो. सासूबाईंचे पाय अजिबात सुजले नाहीत, ते केवळ त्यांच्यामुळे.

श्पायरला मी सासूबाईंबरोबर कॅथेड्रलमध्ये बसले. त्या तासभर काहीच बोलल्या नाहीत, नंतर म्हणाल्या, आपल्या पाटेश्वराच्या लेण्यासारखं गार आहे. तिकडे सासरे नातवंडांबरोबर ७४७ वर चढले. ७२ व्या वर्षी! यंदा ते पहिल्यांदा विमानात बसले होते आणि आता विमानाच्या पंखावर उभे होते. नवऱ्याने काढलेल्या फोटोत ते हात मागे बांधून उभे आहेत, डेपोत गाडी तपासताना उभे राहत असतील तसे. घसरगुंडीवरून मात्र मुलंच आली.

कार्ल्सरुहच्या पुढे अर्धा तास अडकलो. गाड्यांनी मधली वाट सोडली तेव्हा सासरे सीटवरून पुढे सरकून बघत राहिले. पाच मिनिटांत रुग्णवाहिका त्या वाटेतून सरळ निघून गेली. “ह्ये आपल्याकडं हुयाला पायजे,” असं ते त्या दिवशी चार वेळा म्हणाले.

कोल्मारचं हॉटेल साधं होतं. स्वागतकक्ष संध्याकाळी सातला बंद होणार आहे, हे आम्हाला कोणी कळवलंच नव्हतं. पावणेपाचला पोचलो म्हणून निभावलं, नाहीतर सहा जण दारात उभे राहिलो असतो. छोट्या हॉटेलांत दरवाजाचा कोड आधी मागून घ्या, ही माझी भर. न्याहारी साडेसातपासून होती, आम्ही पहाटे निघणार म्हणून सोडून दिली. संध्याकाळी कालव्याच्या काठाने फिरलो. करकोच्याचं घरटं सासूबाईंनी सगळ्यांत आधी बघितलं. त्यांना ते पक्षी लगेच आपले वाटले.

रविवारी फलकावर रांग ३ किलोमीटर दिसली. बाझेलवासी, तुमचा ठोकताळा तंतोतंत, बरोबर तीस मिनिटं. अलीकडे पाऊस आणि ढग, पलीकडे कडक ऊन. धाकटीला वाटलं, बोगद्यात रात्र गेली. तिला एकदाही गाडी लागली नाही. दशमीताई, तुमची मधली रांग आणि आलेपाक दोन्ही लागू पडले. दशम्या बेलिन्झोनाला किल्ल्याकडे बघत संपवल्या.

परतताना मात्र आमच्याकडे रविवार नव्हता, शनिवारी दहाला घर सोडायचं होतं. बोगद्याला दोन तास दहा मिनिटं लागली, फ्रायबुर्गला रात्री साडेनऊला पोचलो, सगळे दमून गेले. पुढच्या वेळी परतीची रात्रही आधीच आखीन. @ओली_पायवाट, तुम्ही शनिवारी निघताय तर शक्य असेल तर दक्षिणेला एक रात्र वाढवा.

---

जुना_सारथी | दुसऱ्या दिवशी, सकाळी ६.४०

मन भरून आलं वाचून. ती वही बाबा घेऊन गेले का? त्यातलं थोडं इथे उतरवता आलं तर बघा.

---

मोगरा | दुसऱ्या दिवशी, सकाळी ९.००

वही थोरल्यासाठी ठेवून गेलेत. रविवारचं पान जसंच्या तसं उतरवते :

कोल्मार सुटली ०५.०५. पाऊस.
बाझेल नाका ०५.५५. कागद बघितले न्हाईत.
बोगदा रांग ०७.२५. बोगदा आत ०७.५५. भायेर ०८.०९.
बेलिन्झोना पोच ०८.५०. नाष्टा. सुटली ०९.४०, ड्रायव्हर सूनबाई.
कियासो १०.३०. इटली लागली.
पेस्किएरा पोच १३.१०. गाडी ठीक. प्रवासी सहा, ठीक.